सालं दोनदा फिरवायची

मित्रांनो, टोमॅटो गाळायचा चरक तो मी. जुना आहे, मोडका नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बिडाचं अंग, लाकडी मुठीचा दांडा, पोटात मळसूत्र आणि बारीक भोकांची जाळी. इटलीच्या दक्षिण टोकाला, लेच्चे शहराजवळच्या एका खेड्यात माझा जन्म गेला. पालमिराबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी मला आहेर म्हणून दिलं. रेशमी चादरी, चांदीचे चमचे सगळं बाजूला राहिलं आणि नवरीने आधी मला उचलून पाहिलं, असं म्हणतात. खरंच असणार.

आमच्याकडे ऑगस्टात घरोघरी वर्षाच्या रसाची बेगमी होते. सकाळपासून अंगणात टोमॅटोची मोठी काहील रटरटत असते, आत्या-मावश्या खुर्च्या ओढून बसतात आणि मला टेबलाच्या कडेला घट्ट आवळतात. दांडा मात्र धरायचा तो पालमिराबाईंनीच. दोन-दोनशे किलो टोमॅटो मी एका दिवसात गाळलेत! लोक म्हणायचे, "पालमिराच्या रसात चमचा उभा राहतो." ऐकून माझी छाती फुगायची. का नाही फुगणार?

मागच्या वर्षी बाईंचा मुलगा दोनातो हॉलंडातली नोकरी सोडून घरी आला आणि सोबत बायको घेऊन आला. फेम्के तिचं नाव. उंच, हसरी, पण आमच्या रीतीभाती तिच्या गावीही नव्हत्या. ओल्या केसांनी ती फाटकापर्यंत जाई आणि वारा बाधेल म्हणून बाई टॉवेल घेऊन मागे धावत. एकदा जेवण झाल्यावर तिने दुधाची कॉफी मागितली. बाई म्हणाल्या, "भरल्या पोटावर दूध? अगं, पोट आहे की बादली?" फेम्के खो खो हसली. पण त्या ऑगस्टात तिने जे केलं, त्यावर कुणी हसलं नाही. माझ्या तोंडातून पडलेली सालं तिने गोळा केली आणि थेट कोंबड्यांपुढे टाकली.



"अगं बाई! एकदाच फिरवून?" पालमिराबाईंनी कपाळावर हात मारला. "सालं दोनदा फिरवायची असतात. दाट रस सालीतच असतो."

"पण आई, त्यातून निघणार किती? वाटीभर!"

"त्या वाटीभरासाठीच तर गाव माझं नाव घेतं."

मागाहून फेम्के नवऱ्याला म्हणाली, "दुकानात तयार बाटल्या मिळतात. तुम्ही लोक स्वतःला एवढं का छळून घेता?" मी ते ऐकलं. राग आला मला, लपवत नाही.

यंदा वसंतात बाई अंजिराच्या झाडावरून पडल्या आणि उजवा खांदा कायमचा दुखावला. दांडा फिरेना. "बाईचा हात गेला, घरचा रस संपला," असं म्हणत ऑगस्टात त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. दोनातोने विजेचं यंत्र आणलं आणि मला फाटकाबाहेर ठेवलं, भंगारवाल्यासाठी. अठ्ठेचाळीस ऑगस्ट काढले होते मी, मित्रांनो! जाताना साधं फडकंही कुणी फिरवलं नाही. खोटं कशाला बोलू, रडूच आलं.

फाटकातून आतलं सगळं दिसत होतं. मेलं काय ते यंत्र घरघरायचं! टोमॅटो भराभर गिळायचं आणि सालं भसाभस थुंकायचं. फेम्केने मूठभर सालं उचलून दाबली. रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला.

"दोनातो, हे बघ. अजून निथळतायत!"

"जाऊ दे गं, टाक कोंबड्यांना."

"कोंबड्यांना?" तिचा आवाज असा चढला की कोंबड्याच दचकल्या. "एकदाच फिरवून? लाज आहे का काही? हा पाणचट रस आईंच्या ताटात वाढणार तू?"

तेवढ्यात गल्लीत भोंगा वाजला. भंगारवाल्याने मला उचललं आणि टेम्पोत आदळलं. माझी तर आशाच संपली. आणि फाटक उघडून फेम्के बाहेर धावली, लाल हात, अंगावर मळका एप्रन.

"उतरव तो! आत्ताच्या आत्ता!"

"बाहेर ठेवलं ते आमचं, बाई." तिच्या पिवळ्या केसांकडे बघून तो हसला. "पाहुण्या दिसता. चार महिने राहाल आणि जाल. तुम्हाला कशाला हवं हे बिडाचं धूड?"

फेम्केने पाचही बोटं जुळवून त्याच्या नाकापुढे हलवली, अगदी आमच्याकडच्या बायका हलवतात तश्शी.

"पाहुणी कोण? पालमिराची सून आहे मी! घरचा रस अजून व्हायचाय आणि तू चरक घेऊन निघालास?"

त्याने मला मुकाट्याने खाली ठेवलं. तिने मला धुतलं, पुसलं, टेबलाला आवळलं आणि दांडा धरला. भिंतीकडची खुर्ची कुरकुरत वळली.

"खांद्याने नको," पालमिराबाई म्हणाल्या. "कमरेतून जोर लाव."

सालं दोनदा फिरली. मग फेम्केने तिसऱ्यांदाही घातली. "अगं पुरे, आता कागद झाला त्यांचा!" म्हणत बाई हसल्या. वसंतापासून पहिल्यांदाच हसल्या त्या. आणि मी? मी तर असा चाललो, जणू कालच ओतशाळेतून आलोय.

दोन दिवसांनी शेजारच्या कोझिमाबाई फाटकाशी आल्या. "पालमिरा, चरक देतेस का गं दोन दिवस?"

"मला काय विचारतेस?" पालमिराबाई ताठ बसून म्हणाल्या. "घरची बाई आत आहे. तिला विचार."

मित्रांनो, माझं मागणं थोडकंच आहे. काम झालं की आम्हा जुन्यांना कोरडं पुसा, मळसूत्रात दोन थेंब तेल सोडा. आणि दूरदेशाहून कुणी घरात आलं, तर चुकला म्हणून त्याच्या हातातला दांडा काढून घेऊ नका.