वजन उतरलं तेव्हा

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या आणि फ्रेममध्ये बसवणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. मालक तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, पण तेही ताईच म्हणत. नवरा मालवाहू बोटीवर इंजिन सांभाळायचा. सात महिने पाण्यावर, दोन महिने घरी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण एकत्र काढलेले दिवस जोडले तर जेमतेम दोन वर्षं भरली असती.

मूल नव्हतं. पहिली काही वर्षं ‘होईल की, घाई काय’ म्हणण्यात गेली, पुढची विषय निघाला की उठून आत जाण्यात. अडतिसावं सरत आलं, नवरा बोटीवर चढला, आणि आठवड्याभराने ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली.

काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबला. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी तीन.

“वजनामुळे अंडं वेळेवर तयार होत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आठ-नऊ किलो उतरवलंत तरी फरक पडेल. पण वजन खाली आणता येतं, वय नाही. पस्तिशीनंतरचं एकेक वर्ष महागाचं असतं. यजमान कधी येणार?”

“सात महिन्यांनी.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “लवकर नाही जमणार?”

“विचारते,” ती म्हणाली. विचारलं मात्र नाही. नाही म्हणाला तर काय, या भीतीने.

मग ती रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारू लागली. बाकीच्या बायका दोघी-तिघींनी गप्पा मारत चालायच्या. ती कानात इयरफोन घालायची. गाणं लागलेलं नसायचं. पण इयरफोन असले की एकटं चालणारं माणूस एकटं वाटत नाही, असं तिचं तिनेच ठरवलं होतं. जेवण निम्म्यावर आणलं. का, ते कुणाला सांगितलं नाही.

“ताई, शुगर निघाली का हो?” मालकांनी विचारलं.

“हो,” ती म्हणाली. सोपं उत्तर मिळालं.

नणंद फोनवर म्हणाली, “वहिनी, काटकी होशील हं, दादा ओळखणार नाही तुला.”

“काटकी व्हायला अजून तीस किलो जायचेत,” ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर घर पुन्हा गप्प झालं.

पाचव्या महिन्यात पाळी बरोब्बर एकोणतिसाव्या दिवशी आली. ती बाथरूममध्ये उभ्या उभ्या हसली. असला आनंद सांगायचा तरी कुणाला? दुपारी नवऱ्याचा फोन आला. मागे इंजिनाची घरघर. “वेळेवर आली,” ती हळूच म्हणाली.

“काय आली?”

“पाळी!” ती मागच्या खोलीतून ओरडली. बाहेर मालकांचं बोलणं मध्येच थांबलं.

नवरा आला तेव्हा नऊ किलो उतरले होते. “अर्धी कुठे ठेवून आलीस?” दारातच त्याने विचारलं, आणि ती लाजली. दोघं तपासणीला गेली. त्याचं सगळं ठीक निघालं. तिचा रिपोर्ट डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचला.

“वजनाचं तुम्ही झकास केलंत. पण अंड्यांचा साठा वयाच्या मानानेही कमी आहे. हे दोन महिने प्रयत्न करा. नाही झालं तर पुढचे उपचार लगेच घ्या. त्याला दोघंही इथे हवीत.”

पहिला महिना गेला. दुसऱ्या महिन्यात तो निघाला त्या दिवशी पाळीची तारीख उलटून दोन दिवस झाले होते. “कळव गं लगेच,” बॅग उचलताना तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी कळवण्यासारखं काही उरलं नाही. या वेळी ती बाथरूममध्ये बराच वेळ बसून राहिली.

“पुढच्या खेपेला बघू,” तो फोनवर म्हणाला.

“पुढच्या खेपेला मला एकोणचाळीस पुरी झालेली असतील.”

मग तो म्हणाला, “मधेच उतरता येत नाही गं. करारावर सही केलीये मी.”

“माहीत आहे. मीच आधी बोलायला हवं होतं. जाऊ नकोस म्हणून.”

“बोलली का नाहीस?”

तेवढ्यात फोन कटला. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: ही शेवटची खेप, नंतर किनाऱ्यावरच काम बघतो. तिने तो चार वेळा वाचला. रडूही आलं, रागही आला. सात महिने मात्र सातच होते.

तिने दुकानातल्या मागच्या खोलीतूनच दवाखान्यात फोन लावला. पुढच्या सात महिन्यांनंतरची, दोघांची वेळ हवी म्हणाली.

“एवढ्या पुढचं नाही घेत आम्ही,” पलीकडची मुलगी म्हणाली. “तेव्हा फोन करा.”

“बरं,” ती म्हणाली. मालकांनी दारातून डोकावून सांगितलं की गिऱ्हाईक खोळंबलंय. तिने ट्रेमधली पुढची काच उचलली आणि मशीन सुरू केलं.