चौथं पातं

धक्क्यावर त्याला सगळे नखमास्तर म्हणत. जहाज दुरुस्तीसाठी कोरड्या गोदीत घेतलं, की तळाचा पंखा उघडा पडे. पितळी, माणसाच्या दुप्पट उंचीचा, चार नाहीतर पाच पात्यांचा. घासणारे तो घासून चकचकीत करत आणि बाजूला होत. मग नखमास्तर पुढे येई, उजव्या अंगठ्याचं नख पात्याच्या कडेवर टेकवी आणि टोकापासून बुडापर्यंत सावकाश ओढत नेई. नख अडलं, की तिथं खडूची रेघ, आणि तेवढी जागा तोच ग्राइंडरनं सारखी करी. कुठंच नाही अडलं, की एकच शब्द, "सोड." त्यानंतरच मुकादम कागदावर शिक्का मारी. मापं घेणारी यंत्रं आली आणि गेली, पण बत्तीस वर्षं शेवटचा शब्द नखाचाच राहिला.

त्या दिवशी त्याला सुट्टी होती. मुलगी सकाळी डबा विसरून गेली होती, म्हणून दुपारी तो डबा घेऊन तिच्या कामाच्या ठिकाणी निघाला. ती बंदराच्या ऐकण्याच्या खोलीत कामाला होती. खोली कसली, जिन्याखालची अडगळच ती. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीतून आत आलेली काळी तार. तारेचं दुसरं टोक आखातात, पाण्याखालच्या माइकला होतं.

"बाबा, अंगठ्याला काय झालं?" डबा घेताना तिचं लक्ष गेलं. अंगठ्यावर चवलीएवढा फोड होता.

"किटलीशी भांडलो."

"आणि एवढं भाजेपर्यंत कळलं नाही?"

"मी थोडाच ऐकणारा माणूस. माघार तिनं घ्यायची होती."

ती हसली. त्यानं हात खिशात घातला. गेल्या हिवाळ्यापासून हात खिशात घालायची सवयच लागली होती. गार सकाळी बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडत. आयुष्यभर ग्राइंडरची थरथर अंगात मुरली, की असं होतं, हे त्याला ठाऊक होतं. शेजारच्या गोदीतल्या जोडीदाराचं असंच झालं होतं. त्याला शेवटी शर्टाचं बटण लावता येईना. घरी बसवल्यावर वर्षभरात तो माणूस खचला. नखमास्तरनं मनाला समजावलं होतं, नख शाबूत आहे ना, मग झालं तर. पण नखाला काय लागलं हे बोट सांगतं, आणि बोट तर मुकं झालं होतं.

"या, बसा. तुम्हाला ऐकवते," म्हणत मुलीनं हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला.

आधी नुसती गाज. मग खोलवरून एक जाड, लांबलचक हुंकार आला. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूनं बारीक, फुटक्या पिपाणीसारखा आवाज.

"आई आणि तिचं पिल्लू," मुलगी म्हणाली. "देवमासे. दहा दिवस झाले येऊन."

आखातात दरवर्षी माद्या पिल्लं घेऊन येत. पाणी गढूळ. आईला पिल्लू दिसत नाही, पिल्लाला आई दिसत नाही, सगळा संसार हाकेवर. जहाजांच्या घरघरीत ती हाक बुडते, म्हणून दोन वर्षांपूर्वी नियम झाला होता, गोदीचा शिक्का नसलेल्या पंख्यानं आखातात पाऊल टाकायचं नाही. मुलीनं तेव्हा साऱ्या घरभर सांगितलं होतं, "बाबांच्या नखावर देवमासे जगणार."

"आता हे ऐका. आज सकाळचं आहे." तिनं एक बटण दाबलं.

हुंकार आला, पिपाणी आली. आणि मग दुरून एक किंकाळी सुरू झाली. काचेवर खिळा ओढावा तशी, पण न थांबणारी. वाढत वाढत ती कानात शिरली, डोक्यात शिरली. हाकाबिका सगळ्या त्यात बुडाल्या. त्यानं हेडफोन ओरबाडून काढला.

"हेच, हेच! चार दिवस झाले. ती निळी मालबोट आहे ना, चार दिवसांपासूनच आखातातून फेऱ्या करतेय, अकराला जाते, पाचला येते, तेव्हाच. काल सकाळी पिल्लू घाबरून आईपासून सुटलं. चाळीस मिनिटं ती हाका मारत होती. शेवटी मासेमारांना ते खडकाजवळच्या उथळ पाण्यात दिसलं, भरती होती म्हणून वाचलं. आज पाचला ओहोटी आहे, बाबा. आज तिकडे पळालं तर चिखलात रुतेल."

"मग... कळवलं नाहीस?"

"कळवलं की. मुकादमकाका म्हणाले, त्या पंख्यावर तुझ्या बापाचं नख फिरलंय, तू माइक तपास. मलाही पटलं. बाबांनी सोड म्हटलं म्हणजे पंख्यात खोट नाही. दोनदा पाण्यातून माइक काढला, पुसला, परत सोडला. तरी तेच."

नखमास्तरनं अंगठ्याकडे पाहिलं. निळी मालबोट. तीन आठवड्यांपूर्वीची. चौथ्या पात्याची कड त्यानंच ग्राइंडरनं सारखी केली होती. मग नख फिरवलं. काही लागलं नाही. काहीच लागलं नव्हतं. आता त्याला आठवलं, की त्या दिवशी पितळेचा गारठासुद्धा लागला नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

"जरा येतो," म्हणून तो उठला. जिना चढताना त्यानं कठडा धरला, पण हातात कठडा आहे की नाही हे त्याला डोळ्यांनी बघावं लागलं.

मुकादमाला लोक घड्याळराव म्हणत. सारखं मनगट बघे. "बोला मास्तर, पटकन. माझ्याकडे वेळ नाही, नुसतं घड्याळ आहे."

"निळ्या मालबोटीला निरोप द्या. आखातात येऊ नको म्हणावं. चौथ्या पात्याची कड बिघडलीय."

"तुम्हीच तर सोडलीत."

"चुकलं माझं."

मुकादम हसला. "अहो, सूर्य चुकेल. मुलीनं कान भरले वाटतं? बसा, चहा घ्या."

नखमास्तर बसला नाही. टेबलावरच्या कागदातली टाचणी त्यानं काढली आणि उजव्या अंगठ्याच्या पेरात घुसवली. निम्मी आत गेली. रक्ताचा थेंब वर आला, घरंगळला, कागदावर पडला. त्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"हिवाळ्यापासून असं आहे," तो म्हणाला.

मुकादम टाचणीकडे बघत राहिला. मनगटाकडे बघायचं विसरला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हिवाळ्यापासून किती सोडलीत?"

"सात."

मागे काहीतरी आपटलं. दारात मुलगी उभी होती. डबा तिच्या हातातून निसटला होता. ती त्याच्या अंगठ्याकडे बघत होती, आणि ती नजर त्याला टाचणीपेक्षा जास्त लागली.

मुकादमानं बिनतारी संच उचलला. पलीकडून कप्तान खेकसला, "शिक्का आहे माझ्याकडे! ओहोटीत उशीर झाला तर मला धक्का कोण देणार? तुमचा सासरा?"

नखमास्तरनं बोलायचं यंत्र हातात घेतलं. ते निसटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलं.

"कप्तानसाहेब, मी नखमास्तर. माझा शब्द मागे घेतो."

गोदीचा शब्द मागे गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. कप्तान खालच्या आवाजात म्हणाला, "मग काय करू, मास्तर? इथं नांगर धरायला तळ नाही."

"अर्ध्याहून कमी वेगानं या. कड बिघडलेलं पातं वेगातच ओरडतं. हळू फिरलं तर गप्प राहील."

"नाही राहिलं तर?"

"खाली पोरगी ऐकत असेल. ती सांगेल तसं करा."

पाचला पाच कमी असताना ते दोघं मुकादमाचा बिनतारी संच घेऊन ऐकण्याच्या खोलीत बसले होते. तिनं एक हेडफोन स्वतःला लावला, दुसरा त्याच्याकडे सरकवला.

"पोरी..."

"गार पाण्यात दोनदा उतरले मी," ती तारेकडे बघत म्हणाली. "माइकला शिव्या घालत. तुम्हाला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"घरी बसायची."

ती वळली, पण तेवढ्यात कानात घरघर सुरू झाली. मालबोट आखातात शिरली होती. घरघर जाड होती, पण बोथट. आईनं हुंकार दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. उत्तर नाही. बोट वळणावर आली असावी, कारण घरघरीच्या आतून तीच किंकाळी उगवायला लागली. आधी केसाएवढी, मग सुतळीएवढी.

"अजून हळू! कप्तानकाका, अजून हळू!" मुलगी बिनतारीवर ओरडली. तिचा आवाज चिरकला.

किंकाळी थरथरली. वाढते की काय असं वाटलं. मग बारीक होत होत तुटली.

आईनं हाक मारली. घरघर. पुन्हा हाक. या वेळी हुंकार आखूड होता, घाईचा. नखमास्तरच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला, पण त्यानं हात हलवला नाही, हेडफोनला धक्का लागेल म्हणून. चिखलाकडचा किनारा त्याच्या डोळ्यांसमोर होता. तिथून पाणी उतरत होतं.

चौथ्या हाकेनंतर, घरघरीच्या अगदी कडेला, फुटकी पिपाणी वाजली.

त्याला वाटलं, भास. आता स्वतःच्या कशावरच त्याचा भरवसा उरला नव्हता. त्यानं मुलीकडे पाहिलं.

"आहे," ती म्हणाली. डोळे पुसत पुन्हा म्हणाली, "आहे, बाबा. जवळच आहे."

तिसऱ्या दिवशी मालबोट गोदीत चढली. बाकीची सहा जहाजं दूर कुठल्या कुठल्या पाण्यात होती. मुकादमानं सगळ्यांना निरोप धाडले होते, दोघांचीच उत्तरं आली होती. बाकी चौघं कुठल्या आयांच्या हाका बुडवत फिरत असतील, या विचारानं नखमास्तरला दोन रात्री डोळा लागला नव्हता.

चौथ्या पात्यापाशी तो उभा राहिला. "तुमचं नख द्या," तो मुकादमाला म्हणाला. "टोकापासून. दाबू नका, नुसतं टेकवा. आणि घड्याळ काढून ठेवा."

मुकादमानं घड्याळ खिशात टाकलं. नख सरकत गेलं. वीत, दीड वीत. थांबलं.

"लागलं?"

"लागलं." मुकादमानं तिथं खडू ओढला. "केसाएवढंसं तर आहे हो. एवढ्याशानं?"

"एवढ्याशानंच."

मुकादम पुढच्या पात्याकडे गेला. नखमास्तर तिथंच राहिला. त्यानं आपला अंगठा खडूच्या रेघेवर ठेवला आणि कडेवरून फिरवला. एकदा, दोनदा, खडू पुसून जाईपर्यंत.

कड लोण्यासारखी गुळगुळीत होती.