दोरा बांधलेलं वांगं

"झाडांची काळजी माझ्यावर सोड," पेंटर बायकोला म्हणाला. "दोनशे दुकानांच्या पाट्या रंगवल्यात मी, एका अक्षराची मान वाकडी नाही. वांग्याची चार झाडं मला काय भारी पडणार?"

बायको दहा दिवस बहिणीकडे निघाली होती. बॅगेची चेन ओढता ओढता म्हणाली, "सकाळी पाणी घाला, बाकी काही नको. आणि लाल दोरा बांधलेल्या वांग्याला हात लावू नका. ते बियांसाठी राखलंय. झाडं सरत आलीत, दुसरं पिकेपर्यंत टिकायची नाहीत. आईने दिलेल्या बिया या चार झाडांत संपल्या. आता आई नाही, तेवढं एक वांगं आहे."

"हात कशाला लावतोय? लांबून नमस्कार करीन."

तीन दिवस त्याने खरंच लांबून नमस्कार केला. चौथ्या दिवशी दवाखान्याच्या छोट्या पाटीवर सरळ रेघ मारायची होती. त्यासाठी खडू फासलेला दोरा ताणून टिचकी द्यावी लागते, आणि घरात नेमका दोरा सापडेना. परसात मात्र लाल दोरा चांगला हातभर लोंबत होता. वांग्याला हात लावायचा नव्हता. दोऱ्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. त्याने वांग्याला बोटही लागू न देता, देठावरची गाठ सोडवली. रेघ झकास आली. दोरा तुटला, आणि पेंटर सगळं साफ विसरला.

सहाव्या दिवशी शेजारच्या नर्समावशी कुंपणावरून डोकावल्या. "एखादं वांगं जास्तीचं आहे का रे?"

"एखादं काय, सगळ्यात मोठं घ्या," म्हणत पेंटरने बुडाशी सोनेरी झाक आलेलं वांगं तोडून दिलं. "रंग बघा मावशी. असा रंग डब्यात मिळत नाही."

संध्याकाळी बायकोचा फोन आला. "दोऱ्याचं वांगं पिवळं पडायला लागलं का हो?"

पेंटरला आत्ता कुठे दोरा आठवला. "लागलं," तो म्हणाला. तेवढं एक खरं होतं.

फोन ठेवून तो तसाच मावशींच्या दारात गेला. "मावशी, ते वांगं?"

"नुसत्या बियाच रे. चिरलं आणि तसंच खताच्या खड्ड्यात टाकलं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते."

पेंटरने बाह्या सरसावल्या. मावशी टॉर्च धरून उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी पेशंटने काय काय गिळलेलं बाहेर काढलं होतं, पण पन्नाशीचा माणूस खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून एकेक बी वेचताना त्या पहिल्यांदाच बघत होत्या. अडचण अशी, की खड्ड्यात टोमॅटो होते आणि मिरच्याही होत्या, आणि चिखलात सगळ्या बिया सख्ख्या बहिणी दिसतात. पेंटरने सगळ्याच उचलल्या, धुतल्या, वाळवल्या आणि पुडीत बांधल्या.

बायको आली. पुडी हातात पडल्यावर तिने ती उघडून बोटाने बिया चाळल्या. मग म्हणाली, "तुम्ही स्वतः काढल्यात?"

"स्वतःच्या हातांनी," पेंटर म्हणाला. हेही खरं होतं, आणि या खऱ्याने तर त्याचा जास्तच जीव खाल्ला. त्या दिवशी बायकोने त्याला दोनदा चहा दिला. दोन्ही वेळा तो कपातच निवला.

तिने ट्रेमध्ये दोन ओळींत बिया पेरल्या. पेंटर रोज सकाळी परीक्षेचा निकाल बघायला जावं तसा ट्रेकडे जायचा. दोन आठवड्यांत कोंब आले, आणि त्याला धडकी भरली. आज ना उद्या टोमॅटो पानांवरून ओळखू येणार. एका सकाळी बायको उठायच्या आत त्याने पुरावा नष्ट करायचं ठरवलं. पहिली ओळ उशिरा आलेली, खुरटी, वाकडीतिकडी. दुसरी ताठ, एकसारखी, पाटीवर काढल्यासारखी. सासूबाई शिस्तीच्या होत्या, त्यांच्या बिया ताठच उगवणार. त्याने पहिली ओळ मुळासकट उपटली आणि गल्लीतल्या कचऱ्याच्या गाडीत टाकून आला.

पण नाश्त्याला बायकोने त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं, आणि त्याच्याने राहवेना. दोरा, मावशी, खड्डा, टॉर्च, सगळं ओकून टाकलं. मान खाली घालून बसला.

"मला माहीत आहे," बायको म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"मावशींनी मी आले त्याच दिवशी सांगितलं. शिवाय टोमॅटोचं बी मला कळत नाही होय? वांग्याच्या बिया मी वेगळ्या काढून पेरल्या. बाकीच्या फेकवेनात, म्हणून त्यांची दुसरी ओळ केली. तुम्ही कधी तोंड उघडता ते बघत होते."

"म्हणजे आईंच्या बियांची ओळ..."

"पहिली," बायको म्हणाली. "उशिरा आली, पण आली."

कचऱ्याची गाडी सातला येऊन जाते. तेव्हा सव्वाआठ झाले होते.