उलट्या अक्षरांचं नाणं

"काका, हे नाणं तुम्ही तपासून छापलंय, की कुणी सांगितलं म्हणून छापलंय?"

प्रश्न माझा नव्हताच. नाणी जमवणाऱ्यांच्या भर बैठकीत भिंगकाकांना हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. हिंमत हल्ली माझ्याकडे उतू जाते, त्यामुळे हात वर केला आणि विचारून मोकळी झाले.

भिंगकाका म्हणजे बिघडलेल्या नाण्यांची मार्गदर्शिका लिहिणारे गृहस्थ. गळ्यात कायम भिंग, म्हणून हे नाव. टांकसाळीत ठसा चुकला की त्या नाण्याला धड नाण्यापेक्षा कितीतरी जास्त भाव येतो, आणि चूक अस्सल की नक्कल हे सगळे काकांच्या पुस्तकात बघून ठरवतात. पुस्तकातल्या ज्या नाण्याच्या चित्रावर मी बोट ठेवलं होतं, त्यावरची अक्षरं आत रुतलेली होती, आरशात दिसावी तशी उलटी.

मला वाटलं, काका चिडतील. ते हसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाळ, ते तुझ्या बाबांना विचार."

सगळे हसले. बाबा तेवढे स्वतःच्या बुटांकडे बघत बसले.

मैत्रिणींनी मला डोक्यावर घेतलं, पण माझं लक्ष कशातच लागेना. बाबांना विचारलं तर म्हणाले, अभ्यास कर.

बाबांचं किल्ल्या बनवायचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी शाळेतून तिथे गेले, तर ते कुणाचं तरी कुलूप उघडायला गेलेले. बाकावरच्या, किल्ली आवळून धरायच्या लोखंडी व्हाइसच्या दोन्ही जबड्यांना चामडं चिकटवलेलं दिसलं. ओरखडा पडू नये म्हणून किल्लीचे एवढे लाड कशाला? मी खिशातली दोन नाणी एकमेकांवर ठेवून त्यात धरली आणि दांडा फिरवत गेले. हात भरून आले. सोडवून पाहिलं तर एकाची अक्षरं दुसऱ्यात रुतली होती. उलटी. पुस्तकातल्यासारखीच.

बाबा कधी मागे येऊन उभे राहिले, कळलंच नाही. त्यांनी नाणं उचलून उजेडाकडे धरलं.

"जरा जास्त आवळलंस," ते म्हणाले. "कड चेपलीय."

मग त्यांनी सांगितलं. पहिलं नाणं त्यांना खरंच सापडलं होतं. कुणीतरी असंच दाबलेलं असणार, पण त्यांना ती टांकसाळीची चूक वाटली. काकांनी ते बाबांच्या शब्दावर, न तपासता पुस्तकात छापलं, वर अशी आणखी आहेत असंही ठोकून दिलं. लोक शोधून थकले, पुस्तकावर शंका घ्यायला लागले. तेव्हा काका दुकानात आले आणि म्हणाले, चूक दोघांची, निस्तरूही दोघं. तेव्हापासून, लोकांना सापडावीत म्हणून, बाबा पुस्तकात बघून तशी नाणी बनवतात.

संध्याकाळी काका घरीच हजर. माझ्याच खुर्चीत बसले. पोरगी धीट आहे म्हणाले, नव्या आवृत्तीत तपासनीस म्हणून हिचंच नाव घालू, एकदा नाव छापलं की माणूस आपला होतो. आईला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं, ती बिचारी हरखून गेली. जाताना काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाबांकडे बघत तो बराच वेळ उचललाच नाही.

दार लागल्यावर मी आईला एका दमात सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, एवढी आवृत्ती निघू दे, मग थांबतो. गेल्या आवृत्तीच्या वेळीही हेच ठरलं होतं का, असं आईने विचारलं.

"मी काय करणार ते ऐका दोघंही," मी म्हणाले. "माझं नाव त्या पुस्तकात येणार नाही. पुढच्या बैठकीला मी दुकानातला व्हाइस घेऊन जाणार आणि सगळ्यांसमोर असलं नाणं बनवून दाखवणार. बाबा, शेजारी उभं राहायचं की घरी बसायचं, ते तुम्ही ठरवा. माझं ठरलंय."