पंचफुला तानबा

रिंकू ठोंबरे हा बाप्या माणूस आहे, हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सांगावंच लागायचं. पहिलीत घालताना आईनं घरात हाक मारायचं तेच नाव गुरुजींना सांगितलं. मग ते दाखल्यावरून मार्कशीटवर, मार्कशीटवरून डी.एड.च्या प्रमाणपत्रावर आणि शेवटी जिल्हा परिषदेच्या नेमणुकीच्या आदेशावर चढलं. बँकेतून फोन आला की पलीकडची मुलगी “रिंकू मॅडम आहेत का?” असं विचारायची. चौतिसाव्या वर्षी त्याला मुलगी झाली, तेव्हा त्यानं दवाखान्यातच बायकोला सांगून टाकलं, “हिचं नाव घाईत ठेवायचं नाई.”

चंचलच्या मोबाइलमध्ये यादी तयार होती. आरोही, वामिका, इवा, कियारा. रिंकूची धाकटी बहीण काजल आष्टीहून रोज सकाळी त्यात एक-दोन नावांची भर घालायची. पाळण्यात नाव सांगायचा मान आत्याचा, त्यामुळे निवडायचाही आपलाच, असं तिनं धरून ठेवलं होतं. बारसं सव्वा महिन्यानं करायचं ठरलं.

त्याच दिवसांत रिंकूच्या मागं मतदार यादी तपासायचं काम लागलं. राहायला तो वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेला, शाळा सिंदी रेल्वेजवळच्या खेड्यात. शाळा सुटली की यादी घेऊन घरोघर जायचं, माणूस आहे की गेलं, लेक लग्न होऊन कुठं गेली, ते विचारून खूण करायची.

एका घरी ओसरीवर एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

“जिजाबाई किसनाजी राऊत,” रिंकूनं नाव वाचलं. “तुम्हीच का आजी?”

“यादीत तसंच लिवलं असन, तं मीच.”

“काऊन? नाव बरोबर नाई का?”

“बरोबर हाय. पन सासरचं हाय. लग्नात तांदळावर लिवलं अन् मी झाली जिजाबाई.” तिनं हातातली शेंग तशीच धरली. “माह्यं नाव पंचफुला.”

एवढं बोलून ती स्वतःच चमकल्यासारखी झाली. “कितीक वर्सांनी तोंडातून निंगालं पाहा. भाऊ होता तवरक तो हाक मारे. तो गेला, मंग त्या नावानं बोलवनारं कोनीच राह्यलं नाई.”

रिंकूचं पेन कागदावर टेकून राहिलं. “बदलायचं का आजी? अर्ज भरता येते. पन कागद लागन.”

“कागद कुठचा, मास्तर? सगळे कागद जिजाबाईचे.” मग थोडं आठवून ती म्हणाली, “दोन वर्सं शाळेत गेलती मी. आष्टीकडं, आमच्या गावात. बापानं नाव घातलतं. तितं असन तं असन.”

रिंकूनं त्या गावाचं नाव लिहून घेतलं. सिंदीहून गाडीत बसल्यावर वर्धा येईपर्यंत तो मनातल्या मनात ‘पंचफुला’ म्हणत होता. घरी आल्यावर हातपाय धुऊन त्यानं मुलीला मांडीवर घेतलं आणि चंचलला विचारलं, “पंचफुला कसं वाटते?”

“कोन पंचफुला?”

त्यानं सगळं सांगितलं. चंचलनं शांतपणे ऐकून घेतलं. “नाव चांगलं हाय,” ती म्हणाली, “पन शाळेत पोट्टे पाचफुल्ली पाचफुल्ली करतीन. रिंकू नावापायी तुम्ही जे भोगलं, ते पुन्हा हिनं कायले भोगावं?”

त्याची आई, मनकर्णाबाई, बाळाची दुपटी घडी करत होती. ती म्हणाली, “माह्यंही बदललंच होतं. माहेरी मी बेबी. मले तं बावा मनकर्णाच आवडलं. बेबी का म्हातारीचं नाव असते?”

आपल्या आईचं माहेरचं नाव रिंकूला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रात्री जेवणं झाल्यावर त्यानं काजलला फोन लावला. म्हातारीच्या गावच्या शाळेत जाऊन जुनं रजिस्टर पाहशील का, म्हणून विचारलं. काजल वैतागली. “दादा, मी तुह्या पोरीसाठी नाव शोधून राह्यली, अन् तू मले कोन्या बुढीचं नाव शोधाले लावून राह्यला!” पण बाजाराच्या दिवशी ती वाट वाकडी करून त्या गावी गेली. मुख्याध्यापिका बाईंनी लोखंडी कपाटातून दाखल-खारीजचं रजिस्टर काढलं, दोघींनी मिळून पानं उलटली, आणि दुपारी रिंकूच्या मोबाइलवर फोटो आला. पिवळं पडलेलं पान, निळी शाई. पंचफुला तानबा कोहळे. वय सात. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण : घरकाम.

मागोमाग काजलचा फोन आला. तिचा आवाज बदलला होता. “दादा, सगळ्या पानावर पोरी तीनच हायेत रे. अन् किती नीट लिवलं हाय तिचं नाव. वाचता वाचता मले कसंतरीच झालं.”

दुसऱ्या दिवशी रिंकूनं तो फोटो जिजाबाईला दाखवला. तिला नीट दिसेना, म्हणून त्यानं अक्षरं मोठी करून वाचून दाखवली.

“बापाचं नाव पुन्हा वाच,” ती म्हणाली.

“तानबा.”

तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, तसा फोटो सरकून निघून गेला. ती घाबरली. रिंकूनं तो परत आणून दिला. मग तिनं हात मांडीवर ठेवून नुसतंच पाहिलं, बराच वेळ.

“आता अर्ज भरू का आजी?”

“नोको बावा. जिजाबाईनंही पन्नास-साठ वर्सं राबराब राबून काढले. तिले काऊन खोडतं?”

रिंकूनं यादी मिटली. मग म्हणाला, “मंग हे नाव माह्या पोरीले ठेवू का?”

म्हातारीनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. “पोरीच्या मायले इचारलं?”

“तिच्या मनात नाई.”

“मंग मले कायले इचारतं?” ती हसली. “घेऊन ये तिले.”

इवलंसं लेकरू घेऊन गाडीत बसायचं म्हणून मनकर्णाबाई कुरकुरल्या, तरी रविवारी चंचल निघाली. ज्या बाईनं नवऱ्याच्या डोक्यात एवढं घर केलं, तिला एकदा पाहायचंच होतं. जिजाबाईनं लुगड्याचा पदर पसरून बाळाला मांडीवर घेतलं. नावाचा विषयच काढला नाही. दूध पुरते का, झोप होते का, एवढंच विचारत राहिली. शेवटी चंचलनंच विचारलं, “आजी, शाळेत तुम्हाले चिडवत होते का?”

“तं चिडवत नाई? फुल्ली फुल्ली करत. एकाच्या डोक्शात पाटी हानलती मी.”

चंचलला हसू फुटलं.

“पन नाव माह्यं होतं,” जिजाबाई म्हणाली. “चिडवलं तं मलेच चिडवलं. मंग इकडं आली अन् जिजाबाई म्हनून कोनी आवाज दिला, की मी मागं पाहो, कोनाले बोलवून राह्यले म्हनून. सासू म्हने, बहिरी हाय का? दोन वर्सं लागले मले त्या नावाले ओ द्याले.”

म्हातारीनं बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं. “ठेवसान तं एक आयकजा. लग्नात बदलू देजा नोका. कोनी तांदूळ मांडले, तं हिनं सरळ नाई म्हनाव.”

“मी नाई म्हनलं होतं,” चंचल म्हणाली.

“तू?”

“हो. यांच्या घरच्यांनी स्नेहल ठरवलं होतं. यायनं अंगठीनं पहिलं अक्षर काढलं अन् मी यायचा हात धरला. म्हनलं, चंचलच लिहा. मांडवात सगळे पाहूनच राह्यले. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाई माह्याशी.”

जिजाबाईनं रिंकूकडं पाहिलं. त्यानं मान डोलावली. तशी ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि ते पाणी पुसून झाल्यावरही पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. सेलू गेल्यावर चंचल आपणहून म्हणाली, “घरी फुला म्हनू. शाळेत पूर्न नाव.”

“अन् चिडवलं तं?”

“पाटी हाय ना,” ती म्हणाली आणि बाळाचं टोपडं सारखं करू लागली.

बारशाला रिंकू सकाळच्या गाडीनं जाऊन जिजाबाईला घेऊन आला. अनोळखी घर, अनोळखी बाया, म्हणून ती दाराजवळच बसली. पाळणा म्हणून झाला. काजलनं वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, कुर्र केलं, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं हाक मारली, “पंचफुला!”

“ओ!” दाराजवळून आवाज आला.

सगळ्या बाया वळल्या. जिजाबाईनं पदर तोंडाला लावला. क्षणभर कोणाला काही कळेना, मग काजल हसली आणि सगळं घर हसलं. मनकर्णाबाई उठल्या, त्यांनी म्हातारीला हाताला धरून आणलं आणि पाळण्याजवळ, काजलच्या शेजारी बसवलं. पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. जेवायची वेळ झाली तरी ती दोरी सोडायला तयार नव्हती.

यादीत तिचं नाव जिजाबाईच राहिलं. रिंकूनं तिच्या नावापुढं हयात अशी खूण केली आणि कागद जमा केले. रजिस्टरच्या फोटोची मोठी प्रत काढून त्यानं तिला दिली. ती तिनं ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवली आहे.

अडीच महिन्यांची झाल्यावर चंचल मुलीला लसीला घेऊन गेली. नर्सनं कार्ड पुढं ओढलं. “नाव?”

“पंचफुला.”

नर्सनं वर पाहिलं. “किती दिवसांनी ऐकलं हो हे नाव. पूर्ण सांगा.”

“पंचफुला रिंकू ठोंबरे.”

“रिंकू आईचं नाव ना?”

“नाई, बापाचं,” चंचल म्हणाली, आणि नर्स खाली मान घालून हसत लिहू लागली. वजन पाच किलो शंभर भरलं. सुई टोचल्यावर फुला अशी काही खणखणीत रडली, की व्हरांड्यात रांगेत बसलेल्या बाया आपापली लेकरं सावरत आत डोकावून पाहू लागल्या.