एझिओची खोली

ओर्नेलाला त्या वर्षी समुद्रावर जायचंच नव्हतं. जुलैमध्येच तिनं जुन्या मित्राला, एर्मान्नोला, फोनवर सांगून टाकलं होतं, की गुडघा कुरकुरतोय, यंदा तुम्ही तिघं जाऊन या. एर्मान्नोनं ते नीट ऐकून घेतलं आणि ऑगस्ट उजाडल्यावर एका सकाळी गाडी घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला. मागच्या सीटवर गुडघ्याखाली घ्यायला उशी ठेवली होती. त्याची बायको लोरेदाना हिनं मलम आणलं होतं, बांधायला पट्टा आणला होता. पुढे बसलेला त्यांचा जुना मित्र नेवियो खाली उतरला आणि बॅग भरायला मदत करू का म्हणून विचारू लागला. अशा माणसांना नाही कसं म्हणायचं ते ओर्नेलाला साठी उलटली तरी जमलं नव्हतं. तासाभरात ती उशीवर पाय ठेवून आपल्या प्याचेन्झा शहराच्या बाहेर पडली होती.

ही मंडळी तरुणपणापासून दर ऑगस्टला लिगुरियाच्या किनाऱ्यावर तोच व्हिला भाड्यानं घेत. तेव्हा ती पाच जणं होती. पाचवा एझिओ, ओर्नेलाचा नवरा. गाडीतून उतरल्या उतरल्या गाणं सुरू करणारा, कोळ्यांशी हुज्जत घालून सगळ्यात चांगली मासळी आणणारा, बायकांना पाण्यात ढकलणारा, पत्त्यांत उघडउघड लबाडी करणारा असा माणूस. पाच वर्षांपूर्वी फेब्रुवारीत घराचा जिना चढताना त्याचं हृदय थांबलं. अंत्यविधीच्या वेळी एर्मान्नोनं ओर्नेलाचे दोन्ही हात धरून सांगितलं, की तू कधी एकटी पडणार नाहीस. आणि त्यानं तो शब्द इतका पाळला, की त्यानंतर व्हिलावर ओर्नेला खरोखरच एक क्षणही एकटी नव्हती.

समुद्राकडची मोठी खोली तिची. म्हणजे तिची आणि एझिओची. दारामागच्या खुंटीवर त्याची गवती टोपी अजून लटकत होती, ती काढायची कुणाची छाती नव्हती, तिची तर नाहीच. स्वयंपाक तिला करू देत नसत. गाडीची किल्ली तिच्या हाती देत नसत. खाली पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर नेहमी कुणीतरी तिच्या पुढे आणि कुणीतरी मागे असे. ती गच्चीवर समुद्राकडे बघत बसली, की थोड्या वेळानं लोरेदाना येऊन शेजारी बसायची आणि तिचा हात हातात घ्यायची. हिला एझिओची आठवण येत असणार, असं तिला वाटायचं. ओर्नेला त्या वेळी टोमॅटोंचा विचार करत असायची.

टोमॅटो ओरेस्तेचे होते. प्याचेन्झाच्या बाहेर जोडीनं नाचायचा एक जुना हॉल आहे, तिथे दोन हिवाळ्यांपूर्वी तो तिला भेटला. लांब हातांचा, कमी बोलणारा विधुर. नाचताना मात्र त्याच्या अंगात वारं भरायचं. पो नदीच्या खोऱ्यात त्याची शेती होती आणि ऑगस्ट म्हणजे टोमॅटोच्या तोडणीचे दिवस, त्यामुळे त्याला शेत सोडून कुठे हलता यायचं नाही. दुपारी तोडणीचं यंत्र थांबलं की तो फोन करायचा. ओर्नेला फोन घेऊन न्हाणीघरात जायची, नळ सोडायची आणि टबाच्या कडेवर बसून बोलायची.

मित्रांना सांगायचं तिनं ठरवलं नव्हतं असं नाही. आदल्या वर्षीही ठरवलं होतं. पण ती तोंड उघडणार तेवढ्यात एर्मान्नो ग्लास उचलून म्हणायचा, एझिओसाठी. यंदा पहिल्याच आठवड्यात, भांडी पुसता पुसता, ती लोरेदानाला म्हणाली, की मला तुझ्याशी जरा बोलायचंय. लोरेदानानं फडका खाली ठेवला. डोळे भरून तिच्याकडे बघत ती म्हणाली, "काही बोलू नकोस. मला सगळं कळतं. तुझ्याकडे बघितलं ना, की वाटतं, आम्ही बाकीच्यांनी नुसते संसार केले." ओर्नेलानं पुढची ताटली पुसायला घेतली.

मग पंधरा ऑगस्टचा, इटलीतला भर उन्हाळ्याचा सण आला. त्या दिवशी दुपारच्या जेवणाला भरलेल्या काळ्या शिंपल्या करायच्या ही एझिओची प्रथा. आता त्या एर्मान्नो करायचा. पहाटे उठून शिंपल्या घासायचा, पाव दुधात भिजवायचा, आणि लसूण किती घालायची यावर गेलेल्या मित्राशी पुटपुटत वाद घालायचा. ओर्नेलाला शिंपल्या कधीच आवडल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं आणि विधवा झाल्यावर तर सांगणं शक्यच नव्हतं. टेबलाच्या टोकाला एझिओची खुर्ची रिकामी ठेवली होती. तिच्यापुढे वाइनचा भरलेला ग्लास.

जेवण उरकत आलं तेव्हा एर्मान्नो उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं सांगितलं ते असं: व्हिलाची म्हातारी मालकीण जेनोआला मुलीकडे राहायला जाते आहे. तिच्याशी त्याचं बोलणं झालं आहे. येत्या वसंतापासून हे घर बारा महिने त्यांच्याकडे. तो आणि लोरेदाना निवृत्त झालेच आहेत, नेवियोला पाश नाहीत, ओर्नेला तर काय, त्या अंधाऱ्या घरात एकटीच. चौघांनी इथेच राहायचं, कायमचं. म्हातारपण एकमेकांच्या सोबतीनं काढायचं.

"मोठी खोली अर्थातच तुझी," तो ओर्नेलाला म्हणाला. "पायऱ्यांना कठडा बसवून घेतो. तुझं प्याचेन्झाचं घर विकायचं का ते सावकाश बघू."

लोरेदाना रडत होती, हसतही होती. नेवियो आपल्या ताटलीतल्या शिंपल्या एकात एक रचत बसला होता. ओर्नेला म्हणाली, "किती विचार केलास तू." एर्मान्नोनं टेबलाला वळसा घालून तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि तिला वाटलं आपल्याला नीट श्वास घेता येत नाहीये.

जेवणानंतर सगळे झोपायला गेले. ओर्नेलानं बॅग भरली. चिठ्ठी लिहावी का असा विचार केला, पण पहिल्या ओळीतच अडकली आणि कागद चुरगळून खिशात टाकला. पाय न वाजवता ती बागेतून खाली फाटकापाशी गेली. उन्हानं पाइनच्या झाडांना डिंकाचा वास सुटला होता. स्टेशन खाली गावात, उतारानं चालत गेलं तर फार लांब नाही.

फाटक विजेचं होतं आणि त्याचा रिमोट एर्मान्नोच्या पँटच्या खिशात. शेजारचं छोटं फाटक तिच्या लक्षात होतं, पण रानडुकरं बागेत शिरतात म्हणून यंदा त्याला साखळी आणि कुलूप घातलं होतं. तिनं मोठ्या फाटकाचे गज निरखले. आडव्या पट्टीवर पाय ठेवून चढता येईल असं वाटलं. आधी तिनं बॅग उचलून पलीकडे टाकली. ती धप्पकन रस्त्यावर पडली. मग तिनं पट्टीवर पाय ठेवला, अंग वर ओढलं, आणि गुडघ्यातून अशी कळ गेली की तिला गज धरून तिथेच खाली बसावं लागलं. बॅग रस्त्यावर, आपण आत. गजातून हात घातला तर बॅगेपर्यंत पोचत नव्हता.

अंजिराच्या झाडाखालून नेवियो आला. त्याला दुपारी झोप लागत नसे, तो तिथे पेपर वाचत पडलेला असे. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्यावर.

"कुठे निघालीस?"

"स्टेशनवर."

"बॅग तर निघालेलीच दिसतेय," तो म्हणाला.

ओर्नेलाला हसू आलं आणि त्या हसण्यातूनच रडू फुटलं. नेवियो शेजारी जमिनीवर टेकला आणि पेपरनं तिला वारा घालू लागला. मग म्हणाला, "माणूस कोण आहे?"

तिनं दचकून वर पाहिलं.

"बाई, नळ सोडून अर्धा अर्धा तास कुणी दात घासत नाही. मला तर गेल्या वर्षीच कळलं. माझी खोली भिंतीपलीकडेच आहे."

तिनं सांगितलं. ओरेस्ते, हॉल, टोमॅटो. नेवियोनं मान डोलावली. रिमोट कुठे असतो ते मला माहीत आहे, लगेच आणून देतो, असं तो म्हणाला. "पण तू अशी गेलीस, तर परवा एर्मान्नो गाडी घेऊन तुझ्या दारात. त्यात या वेळी दोन उश्या असतील. तुला घेतल्याशिवाय तो परतणार नाही."

"मग मी काय करू?"

"ते मी कसं सांगू? मला स्वतःलाच इथे कायमचं राहायचं नाहीये, आणि मी शिंपल्या रचत बसलो."

बॅग आत आणून ठेव, असं ओर्नेला म्हणाली. मग नेवियोच्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि लंगडत वर गेली.

गच्चीवर लोरेदानानं कॉफी केली होती. ओर्नेला उभ्यानंच बोलली, बसली असती तर राहून गेलं असतं. मी इथे राहायला येणार नाही, म्हणाली. पुढच्या ऑगस्टलाही येणार नाही. माझ्या आयुष्यात एक माणूस आहे. लोरेदानाचा हात तोंडावर गेला. एर्मान्नो मात्र त्या माणसाबद्दल काही बोललाच नाही. तो एकदम म्हणाला, "आणि एझिओ?"

तेव्हा तिनं तेही सांगितलं. एझिओ वाईट नव्हता. त्यानं कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. आवाजच नसायचा. कामावरून यायचा, जेवायचा आणि तळघरात जाऊन बसायचा. कितीतरी आठवडे मीठ दे यापलीकडे दोघांत शब्द होत नसे.

"एझिओ?" एर्मान्नो म्हणाला. "तो गप्प बसूच शकत नव्हता."

"इथे नाही बसायचा. तुम्हाला जो एझिओ मिळाला ना, तो मलाही इथेच भेटायचा. बाकीचं वर्ष मी त्याची वाट बघायची."

"आणि हे तू आम्हाला पाच वर्षं सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं कुठे? तो कसा होता ते तुम्हीच मला सांगत होता."

एर्मान्नो उठला. जेवणाची भांडी तशीच होती, ती त्यानं आत नेली आणि उघड्या शिंपल्या एकेक करून नळाखाली धुवायला लागला, जणू त्या पुन्हा वापरायच्या होत्या. लोरेदाना दारापर्यंत गेली आणि परत फिरली. त्या दिवशी एर्मान्नो मासळी आणायला गेला नाही, पत्ते खेळायला बसला नाही. सणाची गर्दी असल्यामुळे रेल्वेगाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे ती रात्र ओर्नेलाला त्या मोठ्या खोलीतच काढावी लागली. भिंतीपलीकडे कुणी कूस बदलली तरी तिला ऐकू येत होतं.

सकाळी लोरेदानानं तिला स्टेशनवर सोडलं. एर्मान्नो खाली आला नाही, पण रिमोट स्वयंपाकघराच्या टेबलावर काढून ठेवलेला होता. वळणावळणाच्या रस्त्यावर लोरेदाना जपून गाडी चालवत होती. स्टेशन दिसायला लागलं तेव्हा तिनं विचारलं, "नाचतो का चांगला?"

"फार छान."

"हं." मग गाडी थांबवल्यावर, समोर बघतच, "एक विचारू? ती खोली आता मी घेतली तर चालेल? इतकी वर्षं मागच्या खोलीत पाण्याच्या टाकीशेजारी झोपतेय. टाकीही घोरते आणि हाही."

घे, असं ओर्नेला म्हणाली, आणि ती टोपी आधी काढून टाक. लोरेदानानं तिला इतकं घट्ट धरलं की आगगाडी चुकता चुकता राहिली.

ओर्नेला थेट ओरेस्तेच्या शेतावर गेली. तो यंत्रावर उंच बसला होता, धुळीनं भुवयांपर्यंत लाल. त्यानं हात केला, पण थांबता येईना, ट्रक भरायला उभा होता. संध्याकाळी हात धुऊन तो घरात आला आणि लाजत लाजत त्यानं तिला कपाट दाखवलं. अर्धं रिकामं केलं होतं. खालच्या खणात कोरा कागद अंथरला होता. त्याच्यावर तिचा जीव होता, तरी ते कपाट बघून तिला पुन्हा तसंच कोंडल्यासारखं झालं, जसं सणाच्या जेवणाच्या वेळी झालं होतं. या वेळी मात्र तिनं बॅग कशावरून फेकली नाही. मला आधी माझ्या घरी राहायचंय, असं तिनं त्याला सांगितलं. किती दिवस ते मलाही माहीत नाही. ओरेस्तेचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं त्यानं कपाटाचं दार लावलं आणि तिला गाडीतून घरी सोडलं. पुढच्या शनिवारी नाचायला येणार ना, एवढंच विचारलं. ती गेली. गुडघ्याला पट्टा बांधून गेली.

एर्मान्नोचा फोन सप्टेंबरभर आला नाही. व्हिला बारा महिन्यांसाठी घेण्याचं बारगळलं, असं नेवियोकडून कळलं. ऑक्टोबरात, शहरावर धुकं उतरू लागलं तेव्हा, एका दुपारी एर्मान्नोनं तिच्या दाराची घंटी वाजवली. गाडी आणली नव्हती, चालत आला होता. स्वयंपाकघरात अंगातला कोट न काढता बसला. ओर्नेलानं कॉफी ठेवली. तो तिच्या पाठीकडे बघत असावा.

"माझी आणि त्याची शाळेपासूनची ओळख," तो म्हणाला. "तू म्हणालीस ते खोटं असावं म्हणून मी आठवत बसलो. हिवाळ्यात तो मला एकदाही भेटला नाही. इतकी वर्षं, एकाच गावात. मी बोलवायचो, तो काहीतरी कारण सांगायचा."

ओर्नेलानं कप त्याच्यापुढे ठेवला.

"तळघरात काय करायचा तो?"

ती समोर बसली. सायकली, असं तिनं सांगितलं. भंगारातून जुन्या सायकली आणायचा, सुट्या करायचा, प्रत्येक भाग तेलात भिजवायचा आणि पुन्हा जोडायचा. चालवायचा नाही. एकदा ती खाली गेली तेव्हा तो एक चाक नुसतंच फिरवत बसला होता आणि ते थांबेपर्यंत त्यानं मान वर केली नव्हती.

"मग?"

"मग मीही पायरीवर बसले. बराच वेळ."

एर्मान्नोनं कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि साखर मागितली.