अर्ध्या चेहऱ्याचा नमुना

आमच्या धंद्यात एक युक्ती आहे, आणि ती मीच काढलेली आहे, म्हणून आधी तीच सांगते. आमचे हे घरं रंगवतात. एखादं गिऱ्हाईक 'आता रंगवू की पुढच्या वर्षी' असं घोळत बसलं की हे त्याच्याकडे जातात, आणि दारातून शिरताच नजरेला पडेल अशा भिंतीवर हातभर चौकोन फुकट रंगवून देतात. "सावकाश ठरवा, काही घाई नाही," म्हणायचं आणि निघून यायचं. त्या चौकोनाशेजारी बाकीची भिंत अशी कळकट दिसायला लागते की चौथ्या दिवशी फोन येतोच. ही अक्कल मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ह्यांना दिली, आणि तिच्यावर आमच्या दोन्ही मुलींची शिक्षणं झाली. मला याच युक्तीनं कुणी गंडवील असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तीस वर्षं शिडीवर चढउतार करून ह्यांचा उजवा गुडघा कामातून गेला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, सांधा बदलून घ्या, नाहीतर वर्षभरात घरातल्या घरात चालणंही अवघड होईल. पैसे साठवून ठेवले होते. तारीखही मिळाली होती. चौकशीला म्हणून आम्ही दोघं हॉस्पिटलात गेलो, तर काउंटरवरची मुलगी आमच्याकडे बघून ह्यांना म्हणाली, "काका, सही तुमची लागेल. आईंना तिकडे बाकावर बसवा."

हे माझ्याहून तीन वर्षांनी मोठे आहेत. दर पंधरवड्याला केस काळे करतात, अंगानं काटकुळे, त्यामुळे वय लपतं. ह्यांनी त्या मुलीला दुरुस्त करायचं सोडून हसायला सुरुवात केली. लिफ्टपाशी म्हणाले, "चला आई, सांभाळून." मीही हसले, न हसून करते काय. पण घरी आल्यावर न्हाणीघराच्या आरशासमोर बराच वेळ उभी राहिले, आणि मला फार वाईट वाटलं.

पुढच्या सोमवारी आगाऊ रक्कम भरायला मी एकटीच निघाले. ह्यांचं एक काम अर्धवट होतं. पर्समध्ये बँकेचं कार्ड होतं. हॉस्पिटलच्या अलीकडच्या गल्लीत एक पांढरंशुभ्र दुकान आहे, आत चार बाटल्या आणि चाळीस दिवे. दारात एक मुलगी उभी होती. तिची त्वचा इतकी गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल. तिनं माझ्या हातात नखाएवढी पुडी ठेवली आणि म्हणाली, "ताई, एक मिनिट. तुमच्या डोळ्यांखाली काय लावता?"

"काही नाही."

"तरीच," ती म्हणाली. इतकं हळहळून म्हणाली की मला वाटलं हिच्याकडे माझा काहीतरी रिपोर्ट आलाय.

मी आत कधी गेले आणि खुर्चीत कधी बसले ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिनं मला ताई म्हटलं होतं, हेच मुख्य. समोर भिंगाचा आरसा, त्यात माझ्या सुरकुत्या नांगरलेल्या शेतासारख्या. तिनं एका डब्बीतून वाटाण्याएवढं क्रीम काढलं, माझ्या उजव्या डोळ्याखाली पसरलं आणि छोट्या पंख्यानं वारा घालत राहिली. "दहा मिनिटं बोलायचं नाही ताई, हसायचंही नाही. ते आत काम करतंय." मला बोलायची बंदी, आणि ती मात्र विचारत होती, स्वतःवर शेवटचा खर्च कधी केलात? घरच्यांसाठी राबलात, आरशात कधी पाहिलंत? माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या बेताला आलं, तर म्हणाली, "रडू नका, निघून जाईल."

मग तिनं आरसा फिरवला. उजव्या डोळ्याखालची पिशवी गायब. कातडी अशी ताणलेली, जणू मी पस्तिशीची. आणि डावीकडे मी, जशी होते तशी. हॉस्पिटलातल्या मुलीला दिसली असेल तशी.

"आता असंच अर्ध्या चेहऱ्यानं घरी जाणार का?" तिनं हसत विचारलं.

हातभर चौकोन! मला तिथेच ओळखू यायला हवं होतं. नाही आलं.

किंमत ऐकून मी उठले, तर तिनं खांद्यावर हात ठेवून बसवलं. मॅनेजरला बोलावलं. तो सूटमधला माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, यांच्यासाठी खास सवलत देतो, पण सहा वाजेपर्यंतच. मी म्हटलं घरी विचारते. ती म्हणाली, "चेहरा तुमचा, परवानगी दुसऱ्याची?" हे माझ्या वर्मावर बसलं. क्रीमच्या तीन डब्या, एक सीरम आणि चेहऱ्यावर फिरवायचं एक गुणगुणणारं यंत्र, एवढं सगळं घेऊन मी बाहेर पडले. हॉस्पिटलात भरायच्या रकमेतले निम्म्याहून जास्त पैसे गेले होते. हॉस्पिटलकडे मी वळलेच नाही.

संध्याकाळी भाताचं झाकण उघडलं, वाफ तोंडावर आली, आणि उजव्या डोळ्याखाली काहीतरी तडकलं. आरशात बघते तर पांढरे पापुद्रे. पुसलं तर खालची पिशवी आपल्या जागी हजर. दुकानातून आणलेला खोका दडवतानाही मी ती पिशवी हातानं चाचपून पाहत होते. खोका धान्याच्या डब्यामागे सरकवला.

चार दिवस मी चोरासारखी वावरले. ह्यांनी विचारलं, भरलेस का पैसे? मी म्हटलं, काउंटर बंद होतं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, त्यांचं कार्डाचं यंत्र बिघडलं होतं. पाचव्या दिवशी हॉस्पिटलातून ह्यांनाच फोन आला, रक्कम आली नाही तर तारीख दुसऱ्याला देऊ. हे फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग मात्र मी खोका काढून पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. काउंटरवरच्या मुलीपासून.

मला वाटलं होतं, आता घर डोक्यावर घेतील. ह्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "जाऊ दे. बरं झालं. पुढच्या वर्षी बघू."

एवढ्या मोठ्या मनाचा नवरा आणि मी त्याचा गुडघा तोंडाला फासून आले, या विचारानं मला आणखीच रडू कोसळलं. "पुढच्या वर्षी तुम्हाला उचलून न्यावं लागेल," मी म्हटलं. "मी तुमचं वाटोळं केलं."

"अगं, थांब जरा," हे म्हणाले. डब्बी उघडून ह्यांनी क्रीम बोटांच्या चिमटीत चोळलं, वास घेतला, मनगटावर पसरून फुंकर घातली. मग नळाखाली बोट ओलं करून वर टेकवलं. ते पांढरं झालं, सुटं झालं. ह्यांच्या चेहऱ्यावर धंद्यातलं हसू आलं.

"ही तर पुट्टी आहे," हे म्हणाले. "ओल्या भिंतीवरची. वाळली की ताणून धरते, दमट लागलं की सोडते. केवढ्याला म्हणालीस?"

मी पुन्हा आकडा सांगितला. "ह्यात मी एक अख्खी इमारत केली असती," हे म्हणाले. माझं रडणं थांबेना तेव्हा गुडघ्यावरून हात फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "उद्या जाऊ. माझा स्पंज आठवणीनं घे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात शिरलो तेव्हा दोन बायका खुर्च्यांत होत्या. एकीचं कपाळ चालू होतं, दुसरीचा एक डोळा नुकताच झाला होता. गुळगुळीत मुलीनं मला ओळखलं आणि ह्यांना बघून सावध झाली. "परत घेतलं जात नाही सर. पावतीच्या मागे लिहिलंय."

"परत कोण म्हणतंय?" हे अगदी मऊ आवाजात म्हणाले. "काम अर्धं राहिलंय. हिच्या डाव्या डोळ्यालाही लावून द्या. मला बघायचंय."

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं मला बसवलं, लावलं, वारा घातला. त्या दोघी बघत होत्या. दहा मिनिटं मी पुतळ्यासारखी. मग आरसा फिरला, पिशवी गायब, आणि एक डोळा झालेली बाई म्हणाली, "खरंच की हो."

ह्यांनी खिशातून ओला स्पंज काढला आणि माझ्या डोळ्याखाली हलकेच टेकवला, नव्या रंगाला टेकवतात तसा. मग आरसा त्या बाईकडे वळवला. माझ्या गालावरून पांढरं ओघळत होतं आणि पिशवी परत आली होती.

"बघा ताई," हे तिला म्हणाले. "मी रंगारी आहे, मला ह्यातलंच कळतं. भिंतीला ओल असली की वरून कितीही गुळगुळीत करा, आतलं आहे ते राहतंच. आम्ही निदान गिऱ्हाइकाला तसं सांगतो."

हे काही संपूर्ण खरं नाही, पण मी त्या वेळी बोलले नाही.

मॅनेजर आतून आला. आवाज चढवला, मग बायका बघतायत म्हणून उतरवला. हे दारापाशीच्या खुर्चीत बसले आणि उजवा पाय दारात लांबवर सोडला. "गुडघा धरलाय हो," हे म्हणाले. "मला जरा बसावं लागेल. उद्याही येईन, परवाही येईन. सध्या मला काम नाही, ऑपरेशनचे पैसे तुमच्याकडे आहेत ना." ज्या बाईचा एक डोळा झाला होता ती म्हणाली, "माझं पुसून द्या आधी." कपाळवाली पर्स उचलून ह्यांचा पाय ओलांडून निघूनच गेली.

त्यानंतर पंधरा मिनिटांत माझ्या कार्डावर सगळे पैसे परत आले, उघडलेल्या डब्बीच्या पैशांसकट. गुळगुळीत मुलीनंच कागद केला. मॅनेजर आत गेल्यावर तिनं ओला कापूस घेतला, माझा गाल हळूच पुसला आणि म्हणाली, "महिन्याला वीस खोके खपवावे लागतात ताई. नाहीतर दारात उभं करत नाहीत." मला तिचा राग यायला हवा होता. मी म्हटलं, "दुसरं काम बघ, पोरी."

बाहेर आल्यावर मला रस्त्यातच फुगडी घालावीशी वाटली. पाच दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरला होता. मी भराभर बोलत होते, तुम्ही कसं त्याला गप्प केलंत, त्याचं तोंड कसं झालं होतं. चार पावलं पुढे गेल्यावर लक्षात आलं की हे बरोबर नाहीत. मागे वळले. हे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते, तोंड उतरलेलं.

"दुखतंय का?"

"नाही." मग म्हणाले, "म्हणजे आता करावंच लागणार."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तुम्हाला भीती वाटते?"

"मग? शिडीवर तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईन, पण ते बेशुद्ध करणार, पाय कापणार... माझ्या मोठ्या भावाला नेलं होतं असंच. तो आलाच नाही परत." हे जमिनीकडे बघत होते. "तू पैसे उडवलेस म्हणालीस ना, तेव्हा मला इतकं हलकं वाटलं. म्हटलं, सुटलो."

मी पायरीवर शेजारी बसले. ह्यांच्या त्या 'बरं झालं'ला मी मोठं मन समजून रडले होते, आणि हा माणूस मनातल्या मनात माझ्या मूर्खपणाचे आभार मानत होता. एरवी मी हे ह्यांना आयुष्यभर ऐकवलं असतं. पण मग मला दुसरं सुचलं. पैसे बुडाले असते तर हे सुटले असते. तरी सकाळी स्पंज घेऊन आले. मी रडत होते म्हणून आले.

"तुमच्या भावाचं हृदयाचं दुखणं होतं," मी म्हटलं. "तुमचा गुडघा आहे. आणि मी बाहेर बसणार आहे, हलणार नाही."

"आत्ता भरू," हे म्हणाले. "आत्ताच. घरी गेलो की मी पुन्हा काहीतरी निमित्त काढीन."

हॉस्पिटल पुढच्याच गल्लीत होतं. मी ह्यांचा हात धरला. तळहात घामानं चिंब होता, पण हे चालत राहिले. पैसे भरले, पावती घेतली, तारीख तीच राहिली.

ऑपरेशन दहा दिवसांनी झालं. आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ह्यांना आत नेलं आणि मी दारासमोरच्या खुर्चीत बसले ते बसले. मुलींनी चहा आणला, तो तसाच राहिला. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, छान झालं. मी त्यांच्यासमोरच ढसाढसा रडले. माझा चेहरा कसा दिसत असेल याचा विचारही मनात आला नाही.

संध्याकाळी ह्यांना नीट शुद्ध आली. पायाला गोणीएवढी पट्टी, हाताला नळी, उशीवर डोकं. मला वाटलं पाणी मागतील. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "रात्रभर जागीच होतीस ना? डोळे बघ कसे झालेत. झोप आता. मी आहे इथे."

स्वतःला कुशीवर वळता येईना आणि म्हणे मी आहे इथे. पण मला इतकं निवांत वाटलं की खुर्चीतच पाय वर घेतले, ह्यांच्या गादीच्या कडेला डोकं टेकलं, आणि झोपले.